विजेची मालमोटार आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी लिहून काढताना हिशेबाचे आकडे नीट मांडले आहेत. बाकी भाषण जसे झाले तसेच ठेवले आहे.)



आपल्या मेळाव्यात व्याख्यान म्हटले की ज्ञातीचा पूर्वेतिहास, लग्नकार्यातील खर्च किंवा मुलांचे शिक्षण यांपैकीच एखादा विषय असावयाचा, ही जुनी वहिवाट आहे. यंदा कार्यकारी मंडळाने ती मोडून मालमोटारींवर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा काही वडिलांनी नाके मुरडल्याचे आमच्या कानांवर आले आहे. त्यांची क्षमा मागून आम्ही इतकेच म्हणतो की, या मंडपातील ज्या कुटुंबांच्या दारात एक-दोन ट्रक उभे आहेत, किंवा ज्यांचा मुलगा, जावई वा भाऊ दुसऱ्याच्या ट्रकवर चालक म्हणून जातो, त्यांनी आपल्याशीच एकदा मोजदाद करून पाहावी. मग हा विषय ज्ञातीचा आहे की नाही, हे निराळे सांगण्याची गरज पडणार नाही.

विषय सुचला तो असा. दिवाळीनंतर आपल्यातलाच एक तरुण आमच्याकडे आला. वडिलांनी कष्टाने उभ्या केलेल्या दोन गाड्या. एकीचे हप्ते फिटलेले, दुसरीचे दीड वर्षाचे राहिलेले. म्हणाला, "काका, तिसरी गाडी घ्यावी म्हणतो. बाबा म्हणतात, डिझेलचीच घे. धाकटा म्हणतो, दहा वर्षांनी डिझेलची गाडी कोणी भंगारातही घेणार नाही, विजेची घे. तुमचे काय मत?" आम्ही त्या दिवशी मत दिले नाही. चहा पाजला आणि महिनाभराची मुदत मागून घेतली. महिन्याचे तीन महिने झाले. आजचे व्याख्यान म्हणजे त्याला उशिराने दिलेले उत्तर होय.

आपण ज्या गाडीविषयी बोलत आहोत ती शहरात दुकानोदुकानी माल टाकणारा लहान टेम्पो नव्हे. तेथे विजेने आपले बस्तान केव्हाच बसविले आहे. आपली गाडी म्हणजे पुढे ओढणारा भाग, ज्याला आपले चालक 'घोडा' म्हणतात, आणि त्याच्या पाठीस जोडलेला लांब ट्रेलर. एकंदर वजन ४० टनांपासून ५५ टनांपर्यंत. २०१८ साली सरकारने एक्सलवरील भाराच्या मर्यादा वाढविल्या, तेव्हा अशा मोठ्या गाडीची एकूण वजनमर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली, हे येथे बसलेल्या पुष्कळांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. या वजनाचा घोडा विजेवर पळू शकतो काय, आणि पळाला तर धन्याला काही मिळवून देतो काय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. लोक त्यांचा एकच प्रश्न करतात आणि मग भांडत बसतात.

या गाडीचा खरा गाजावाजा झाला तो अमेरिकेत; तेथे तिला 'सेमी' म्हणतात. म्हणून आरंभ तेथून करू. २०१७ च्या नोव्हेंबरात टेस्ला कंपनीने आपली सेमी जगापुढे मांडली. एकदा चार्ज केल्यावर भरल्या गाडीने ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर जाईल, किंमत १ लाख ८० हजार डॉलर आणि उत्पादन २०१९ मध्ये, असे सांगण्यात आले. पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली ती १ डिसेंबर २०२२ रोजी. दरम्यान याच क्षेत्रात एक लाजिरवाणे नाटकही होऊन गेले. निकोला नावाच्या कंपनीने २०१८ च्या जानेवारीत आपला ट्रक रस्त्याने ऐटीत धावत असल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. २०२० मध्ये कंपनीलाच मान्य करावे लागले की तो ट्रक स्वतःच्या शक्तीने चालतच नव्हता. त्याला उतारावर सोडून दिले होते. उतारावर तर आपली बैलगाडीही बैलांवाचून धावते! तिचा संस्थापक २०२२ मध्ये फसवणुकीच्या आरोपांवर दोषी ठरला, कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच मार्चमध्ये त्या गृहस्थास राष्ट्राध्यक्षांची माफीही मिळाली.

असे प्रकार पाहून आपल्यातील अनुभवी मंडळी म्हणतात, हे सारे थोतांड आहे. तसे मात्र नाही. टेस्लाची वेळ चुकली, पण गाडी खोटी निघाली नाही. २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत निरनिराळ्या कंपन्यांच्या विजेच्या मालमोटारींची उघड पाहणी झाली, तीत पेप्सीको कंपनीच्या ताफ्यातील एका सेमीने २४ तासांत, मध्ये मध्ये चार्जिंग करून, १,०७६ मैल कापले. म्हणजे सतराशे किलोमीटरांहून अधिक. तेव्हा पळू शकते काय, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले आहे.

पण त्याच पेप्सीकोने आरंभी गाड्यांना कामे कशी वाटून दिली होती ते पाहा. बटाट्याच्या वेफर्ससारखा हलका माल सव्वाचारशे मैलांपर्यंत, आणि पेयांच्या बाटल्यांचा जड माल शंभर मैलांच्या आसपास. ज्याने आयुष्यभर भाडी लावली आहेत त्याला यातील मर्म चटकन कळेल. वेफर्सनी ट्रेलर काठोकाठ भरला तरी वजनाचा काटा हलत नाही. बाटल्यांनी ट्रेलर अर्धा रिकामा असतानाच वजन पुरे होते.

विजेच्या गाडीचे पहिले दुखणे हेच वजनाचे आहे. ६०० युनिटांची बॅटरी चार ते साडेचार टन भरते. चारशे लिटर डिझेल साडेतीनशे किलोही भरत नाही. एंजिन, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी ही ओझी विजेच्या गाडीत नसतात, म्हणून थोडी भरपाई होते. तरीही दोन-अडीच टन माल प्रत्येक फेरीला कमी बसतो असे धरून चालावे. अमेरिकेने अशा गाड्यांना वजनमर्यादेत २,००० पौंडांची सूट दिली आहे, ती याचसाठी. आपल्याकडे सिमेंट, सळया, साखर, खत यांचे भाडे टनावर ठरते. तेथे दोन टन कमी म्हणजे दर फेरीला खिशातून पैसे कमी. उलट कापसाच्या गाठी, बिस्किटे, फ्रिज, मोटारीचे सुटे भाग वाहणाऱ्यास या वजनाची झळ बसत नाही. गाडी घेण्यापूर्वी माल कोणता, हे विचारले पाहिजे. आणि आश्चर्य असे की विकणारा ते कधी विचारीत नाही.

पुस्तकी माहितीवर आमचा फारसा विश्वास नाही. म्हणून एका ओळखीच्या कंत्राटदाराची परवानगी काढून आम्ही न्हावाशेवा बंदरापासून चाकणपर्यंत विजेच्या ट्रेलरमध्ये चालकाच्या शेजारी बसून गेलो. गाडीचे मालासह वजन ४० टन, बॅटरी सुमारे ३०० युनिटांची. चालक पंचविशीतला, हुशार आणि बोलका. बंदरातून निघताना काटा शंभरावर होता. खोपोलीच्या खाली घाट लागला तेव्हा ७५ वर आला. आम्ही वही उघडून बसलो.

खोपोली ते लोणावळा हा चढ साधारण साडेपाचशे मीटरांचा. ४० टन वजन साडेपाचशे मीटर वर उचलावयाचे तर निव्वळ उचलण्यासच ६० युनिटे लागतात. हे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. त्यात गळती आणि रस्त्याचे घर्षण मिळविले की पाऊणशेच्या घरात जाते. काटा तंतोतंत तसाच उतरला. खंडाळ्याला पोचलो तेव्हा ४९ टक्के. म्हणजे दहा-बारा किलोमीटरांच्या घाटाने बॅटरीचा चौथा हिस्सा खाल्ला. आमच्या मनात आले की, ज्या उंचीवरून खाली येणाऱ्या पाण्यावर टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ पासून चालले, तीच उंची आता वीज देऊन चढून जावयाची आहे. निसर्ग एका हाताने देतो त्याचा हिशेब दुसऱ्या हाताने मागतो.

चढताना एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी होती. आमच्या डाव्या-उजव्या बाजूस डिझेलचे ट्रेलर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकीत, काळा धूर ओकीत चालले होते. आमची गाडी आवाज न करता त्यांच्या पुढे निघून गेली. विजेच्या मोटारीस उभ्या जागेपासून पुरे बळ मिळते. गिअर बदलण्याची यातायात नाही. याच घाटात रेल्वेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली आणि १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली ती विजेच्याच एंजिनाने घाट चढू लागली. रेल्वेला डोक्यावरील तारेतून वीज मिळे. ट्रकला ती पाठीवर वाहून न्यावी लागते, एवढाच काय तो फरक. पण त्या एवढ्याशा फरकातच सगळा व्यवहार अडलेला आहे. चालकाला आम्ही विचारले, "कसे वाटते?" तो म्हणाला, "काका, पाठ दुखत नाही. पण आवाजच नसल्यामुळे पहिले चार दिवस झोप यायची."

परतीचा प्रवास आम्हांस अधिक मोलाचा वाटला. घाट उतरताना हीच मोटार उलटी चालून वीज निर्माण करते आणि गाडीला आवरून धरते. भरली गाडी लोणावळ्याहून खोपोलीस उतरताना पस्तीस-चाळीस युनिटे बॅटरीत परत जातात. पैशापेक्षाही ब्रेकची बचत मोठी आहे. आपल्यातील काही चालक डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, हे येथे उघड बोलण्यास आम्हांस संकोच नाही. मग ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी दगा देतात. २०२५ च्या जुलैत याच उतारावर ब्रेक निकामी झालेल्या एका ट्रेलरने कित्येक गाड्यांना धडक दिली. विजेच्या गाडीत न्यूट्रलचा मोहच उरत नाही, कारण गाडी आवरून धरण्यातच वीज मिळते. एक सावधगिरी मात्र त्या चालकाने आम्हांस सांगितली, ती येथील मुलांनी ध्यानात ठेवावी. लोणावळ्याला बॅटरी काठोकाठ भरून घेऊन उतार धरू नये. भरलेल्या रांजणात आणखी पाणी मावत नाही. तशी भरलेली बॅटरी उताराची वीज घेत नाही, आणि मग सारा भार पुन्हा साध्या ब्रेकांवर येतो.

आता दुसरा प्रश्न, पैशांचा. येथे आम्ही काही आकडे गृहीत धरीत आहोत. ज्याचे त्याने आपल्या वहीप्रमाणे बदलून घ्यावेत. डिझेलची भरली गाडी लिटरला ३ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये, असे धरले तर किलोमीटरला ३० रुपये पडतात. विजेची गाडी किलोमीटरला १.४ युनिटे घेते. चार्ज करतानाची गळती धरून १.५५ म्हणू. स्वतःच्या आवारात उच्च दाबाची जोडणी घेतली आणि युनिट १० रुपयांस पडले, तर किलोमीटरला साडेपंधरा रुपये. साडेचौदा रुपयांची बचत! विकणारे आपणांस हाच आकडा दाखवितात, आणि तो खोटाही नाही. पण तीच गाडी रस्त्यावरील चार्जिंग केंद्रात १८ रुपये युनिटने भरली, तर किलोमीटरला जवळजवळ २८ रुपये लागतात. बचत उरली दोन रुपये. गाडी तीच, माल तोच, रस्ता तोच. फरक फक्त वीज कोणाच्या दारात भरली याचा.

आता गाडीची किंमत. आज विजेचा घोडा डिझेलच्या घोड्याच्या दुपटीपासून तिपटीपर्यंत पडतो. दोहोंतील फरक ७० लाख रुपये धरू आणि व्याज ११ टक्के. हा जादा पैसा सहा वर्षांत फेडावयाचा, तर वर्षाला सुमारे साडेसोळा लाख रुपये लागतील. एखाद्या कंपनीची गाडी ठरलेल्या दोन ठिकाणांमध्ये दिवसरात्र, चालक बदलून, वर्षाला १ लाख २० हजार किलोमीटर धावते आणि आपल्याच आवारात वीज भरते. तिची बचत १७ लाख ४० हजार. फेड बसते, वर थोडे उरतेही. आपल्या तरुणाची गाडी दलालाकडून भाडे मिळेल तिकडे जाते, परतभाड्यासाठी दोन-दोन दिवस उभी राहते आणि वर्षाला ६० हजार किलोमीटर करते. आवारातल्या स्वस्त विजेवर चालली असे धरले तरी तिची बचत ८ लाख ७० हजार. त्यातले ७ लाख ७० हजार पहिल्या वर्षाच्या व्याजातच जातात. आणि तिला आवारातली वीज मिळणार कोठून? ती आज इंदूरला, उद्या हुबळीला. ती रस्त्यावरच भरणार, आणि रस्त्यावर भरली की दोन रुपयांप्रमाणे वर्षाचे १ लाख २० हजार. व्याजाचा सहावा हिस्साही नाही.

ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च वाचतो, हे खरे. पण त्यासमोर जुन्या गाडीच्या बाजाराची चिंता ठेवावी लागते. आपला लहान मालक आठ-दहा वर्षांनी गाडी विकतो, आणि ती विक्री हीच त्याची म्हातारपणाची पुंजी असते, किंवा मुलीच्या लग्नाची. दहा वर्षे वापरलेल्या विजेच्या घोड्याला काय भाव येईल, हे सांगणारा बाजार अजून उभाच राहिलेला नाही.

सरकारी साहाय्य आहे. २०२५ च्या जुलैत केंद्र सरकारने पीएम ई-ड्राइव्ह योजनेखाली विजेच्या मोठ्या ट्रकना प्रत्येकी जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. सुमारे ५,६०० गाड्यांपुरते, आणि जुनी गाडी मोडीत काढल्याचा दाखला दिला तरच. आमच्या ७० लाखांच्या फरकापुढे ही रक्कम सातवा हिस्सा आहे. राज्य सरकारने २०२५ च्या ऑगस्टात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे विजेच्या वाहनांना टोलमाफी दिली, तेव्हा आम्हांस आनंद झाला. मग कळले की ती मोटारी आणि बसगाड्या यांच्यापुरती आहे, मालवाहू गाड्या तीतून वगळल्या. ज्याला खरोखर टोल जड जातो तोच नेमका बाहेर. याचे कारण आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

चार्जिंगला लागणारा वेळ हे दुसरे दुखणे, असे सर्वजण म्हणतात. आम्हांस ते तितकेसे मोठे वाटत नाही. युरोपात चालकाने साडेचार तास गाडी चालविली की ४५ मिनिटे विश्रांती घेतलीच पाहिजे असा नियम आहे आणि तो कसोशीने पाळला जातो. मर्सिडीज कंपनीने ६०० युनिटांची, ५०० किलोमीटर जाणारी गाडी २०२४ च्या नोव्हेंबरापासून कारखान्यात मालिकेने काढावयास घेतली, ती याच ४५ मिनिटांच्या भरवशावर. चालक जेवतो तेव्हा गाडीही जेवते. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे काम आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. ती कोणी पाळली, हे या मंडपातील माता-भगिनींनाच विचारावे. कायद्याने जी विश्रांती मिळाली नाही ती बॅटरीने मिळवून दिली, तर आम्ही त्या बॅटरीचे उपकार मानू.

मात्र त्या अर्ध्या-पाऊण तासात गाडी भरावयाची तर वीज धबधब्यासारखी ओतावी लागते. दहा ट्रेलर एकाच वेळी प्रत्येकी २४० किलोवॅटने भरावयाचे तर २,४०० किलोवॅट लागतात.  त्यासाठी स्वतंत्र रोहित्र, उच्च दाबाची वाहिनी आणि जागा हवी. ढाब्याच्या अंगणात हे होत नाही.

म्हणून चीनने निराळी वाट धरली. तेथे २०२४ या एका वर्षात नव्या शक्तीच्या ८० हजारांहून अधिक अवजड मालमोटारी विकल्या गेल्या, त्यांतील बहुतेक बॅटरीवरच्या. आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्यांची बॅटरी भरीत बसत नाहीत, बदलतात. केबिनमागील रिकामी बॅटरी यंत्राने उचलावयाची, भरलेली ठेवावयाची. पाच-सहा मिनिटांचे काम. पूर्वी घाटरस्त्याने टांगे जात तेव्हा टप्प्याला दमलेली घोडी सोडून ताजी जोडीत, तसाच हा प्रकार. पोलादाचे कारखाने, खाणी आणि बंदरे येथे तो चांगला रुजला, कारण तेथे गाडी त्याच वाटेने पुनःपुन्हा येते.

हीच पद्धत आता आपल्या दारात आली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात बॅटरी बदलता येणाऱ्या ५० अवजड ट्रकांची पहिली तुकडी सुरू झाली. ऑक्टोबरात चाकणला तसाच ट्रक मुख्यमंत्र्यांच्या हस्ते रस्त्यावर आला आणि त्यासाठी मुंबई–पुणे मार्ग निवडण्यात आला. या पद्धतीत बॅटरी ट्रकमालकाने विकत घ्यावयाची नसते, भाड्याने घ्यावयाची असते. त्यामुळे घोड्याची किंमत पुष्कळ उतरते. हे ऐकून आपले तरुण हुरळतात. आम्ही त्यांना एवढेच विचारतो की, घोडा आपला आणि चारा मात्र एकाच दुकानातून, तोही दुकानदार म्हणेल त्या भावाने, असे झाले तर वेसण कोणाच्या हातात राहील? करारात बॅटरीच्या भाड्याचा दर किती वर्षे बांधलेला आहे, ते कलम आधी वाचावे.

एवढ्या विवेचनानंतर जे आमच्या मनाला खरोखर टोचते ते सांगतो. विजेची गाडी उद्या येणार की परवा, हा वाद आता संपला आहे. ती आलेली आहे. पण सगळीकडे एकदम आलेली नाही. ठरलेला रस्ता, ठरलेला माल, रोजची फेरी आणि रात्री आपल्या आवारात मुक्काम, अशी जी कामे आहेत तेथे ती प्रथम आली. बंदर ते कारखाना, कारखाना ते गोदाम. आणि धंद्यातली सर्वांत खात्रीची कामे तीच आहेत! याच तरुणाच्या वडिलांनी पहिली गाडी घेतली ती एका कारखान्याच्या बांधलेल्या फेरीच्या जोरावर. महिन्याच्या महिन्याला पैसे मिळत म्हणून बँकेने त्यांना उभे केले. आता तीच फेरी मोठे भांडवल असलेली कंपनी पन्नास विजेच्या गाड्या लावून किलोमीटरला चार रुपये कमी सांगून घेईल, आणि आपल्या माणसास उरतील ती लांबची, अनिश्चित, परतभाड्याची हमी नसलेली भाडी. आपल्या देशातील ट्रकांपैकी मोठा भाग पाच-पाचांहून अधिक गाड्या नसलेल्या मालकांचा आहे. ते यंत्राच्या सुधारणेने बुडणार नाहीत. पण ही सुधारणा ज्याच्याजवळ जागा, जोडणी आणि लेखी कंत्राट आहे त्याच्याच घरी पाणी भरते, आणि या तीनही गोष्टी एकट्या माणसाजवळ नसतात.

आमचे उत्तर असे आहे. एकट्याने, मोकळ्या बाजारात भाडी मारण्यासाठी, विजेचा घोडा आज घेऊ नये. सात वर्षांच्या कर्जावर नवा डिझेलचा घोडा घेऊन तो न्हावाशेवा–चाकणसारख्या वाटेवर लावणे तर त्याहूनही वेडेपणाचे. कर्ज फिटण्यापूर्वीच ती वाट हातची जाईल. तिसरी गाडी हवीच असेल तर चांगली जुनी डिझेलची, दोन-तीन वर्षांत फिटेल एवढ्याच कर्जाची, आणि ज्या लांबच्या रस्त्यांवर चार्जिंगची सोय लवकर होण्यासारखी नाही तेथे चालणारी घ्यावी. वडील अर्धे बरोबर आहेत, धाकटाही अर्धा बरोबर आहे.

आणि एकट्याने नव्हे, तर पाच-सात घरांनी मिळून? तेथे आमचे मत बदलते. महामार्गाला लागून दोन-तीन एकर जमीन असलेली कुटुंबे आपल्यात आहेत. सहकारी संस्थेची नोंदणी, एक रोहित्र, एक उच्च दाबाची जोडणी, आणि मुख्य म्हणजे एखाद्या कारखान्याशी निदान पाच वर्षांचे लेखी कंत्राट. हे असेल तर वर सांगितलेला १७ लाखांचा हिशेब आपल्यालाही लागू पडतो. क्रम मात्र चुकू नये. कंत्राट आधी, जोडणी नंतर, गाडी सर्वांत शेवटी. आपल्या माणसाचा स्वभाव नेमका उलटा आहे. तो आधी गाडीला हार घालतो. भागीदारीत आपली माणसे भांडतात, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो खराही आहे. एकाची गाडी बंद पडली तर त्याच्या फेऱ्या कोणी घ्याव्या आणि पैसा कसा वाटावा, हे कागदावर आधी ठरल्याशिवाय आम्ही स्वतः अशा संस्थेत सही करणार नाही.

जाता जाता मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीला एक विनंती. आपल्यात डिझेल पंप आणि गिअरबॉक्स बांधणारे नामांकित मिस्त्री आहेत. त्यांच्या मुलांना उद्या आठशे व्होल्टच्या बॅटरीला हात लावावा लागणार आहे, आणि ती चूक माफ करीत नाही. शिष्यवृत्त्या केवळ पदवीधरांना न देता दोन-तीन तरी आयटीआयमध्ये वीजतंत्र शिकणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात.

आता काम. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी पुढील तीन महिने एक साधी वही ठेवावी. कोठून कोठे गेलो, किलोमीटर किती, माल कोणता व वजन किती, डिझेल किती, आणि भाड्याची वाट पाहत किती तास उभे राहिलो. चालकाला लिहिणे जमत नसेल तर घरच्या मुलीने फोनवर विचारून लिहावे. या वह्या मंडळाच्या कार्यालयात जमा कराव्यात. नावे कोणास सांगितली जाणार नाहीत. कोणत्या दोन ठिकाणांमध्ये आपल्या किती गाड्या रोज जातात-येतात, हे आज आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही, आणि ते कळल्यावाचून कोणत्याही कारखान्याच्या दारात कंत्राट मागावयास जाण्यात अर्थ नाही. त्या तरुणाने आपल्या दोन्ही गाड्यांच्या गेल्या वर्षाच्या वह्या आम्हांस आणून दिल्या आहेत. एका गाडीच्या वहीत भाड्याची वाट पाहत उभे राहिलेले दिवस मोजले, ते १०९ भरले. बाकीच्या वह्या आल्या म्हणजे पुढचे बोलू.